आकाराम पेंटर आणि चर्चची कोरी भिंत

आकाराम आवळेला कोल्हापुरात आडनावानं ओळखणारी माणसं थोडीच. स्टुडिओत, मंडईत, चर्चमध्ये, सगळीकडं तो ‘आकाराम पेंटर’. उंच, शिडशिडीत, चालताना जरासा पुढं वाकलेला, आणि कितीही घासून आंघोळ केली तरी कानाच्या पाळीमागं कुठला ना कुठला रंग राहिलेलाच. त्याचं काम सिनेमाचे पडदे रंगवण्याचं. पिक्चरमध्ये राजाच्या मागं जो महाल दिसतो, ऋषीच्या मागं जे रान दिसतं, ते आकाराम आणि त्याच्या जोडीची माणसं कापडावर उभं करायची. या आठवड्यात दरबार. पुढच्या आठवड्यात तेच कापड धुऊन, खळ देऊन त्यावर अरण्य. पौराणिक पिक्चर असला की मग विचारायलाच नको. इंद्रसभा, वैकुंठ, कैलास. कैलास त्यानं इतक्यांदा रंगवला होता की जन्मात बर्फ न बघता बर्फावरची सावली निळी पडते का जांभळी, यावर तो कुणाशीही भांडायला तयार असायचा.

समोरून बघणाऱ्याचे डोळे दिपायचे. मागं गेलं की बांबू, सुतळी, वाकडे खिळे आणि विझवून टाकलेली विडीची थोटकं. आकारामचा निम्मा दिवस त्या मागच्या बाजूला जायचा. स्वर्गाची पाठ बघून बघून त्याला स्वर्गाचं कौतुक राहिलं नव्हतं असं नाही, काम तो जीव ओतूनच करायचा; पण घरी मात्र त्यानं एक कॅलेंडरसुद्धा टांगू दिलं नव्हतं.

“पेंटरचं घर, आन् भिंती बघा. विधवेच्या कपाळासारख्या,” त्याची बायको तानाबाई म्हणायची. ती मिशनच्या दवाखान्यात आया होती आणि बोलायला फटकळ होती.

“डोळं दमत्यात गं,” एवढंच तो म्हणायचा.

रविवारी दोघं चालत चर्चला जायची. उचगावच्या वाटेवर, वस्ती संपून ऊस सुरू होतो तिथं त्यांचं चर्च होतं. जुन्या मिशनरी लोकांनी बांधलेलं, लांबट, कौलारू. आत चुन्याच्या पांढऱ्या भिंती, पुरुषांना बाकं, बायकांना सतरंज्या, पुढं एक लाकडी मेज, मेजावर वीतभर क्रूस आणि बाजूला पेटी-तबला. मेजामागची भिंत आढ्यापर्यंत उंच आणि पार कोरी. आकारामचा बाप गुंडू शाहूवाडीच्या डोंगरातला. त्यानं तरुणपणी ख्रिस्ती धर्म घेतला तेव्हा घरातले देवांचे टाक नदीत सोडले होते, आणि पोराला सांगितलं होतं, “आपला देव बघायचा न्हाय, आयकायचा.” आकारामनं ते लहानपणी पाठ केलं, पण त्याचा अर्थ त्याला कळला तो फार पुढं.

त्याची मुलगी घटसर्पानं गेली. चार वर्षांची होती, करुणा नाव. त्या आठवड्यात स्टुडिओत लग्नमंडपाचा पडदा चालू होता. पोरीला माती देऊन आला आणि दुसऱ्या दिवशी केळीचे खांब रंगवायला उभा राहिला, कारण शूटिंग थांबणार नव्हतं. घरात तानाबाई रडत होती, शेजारणी रडत होत्या. याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. मग रविवार आला. तो नेहमीच्या बाकावर बसला आणि समोर बघितलं. समोर काहीच नव्हतं. रंग नाही, आकार नाही, चूक शोधावी अशी एक रेघ नाही. त्या पांढऱ्या भिंतीकडं बघता बघता त्याला आतून हुंदका फुटला, आणि उपासना संपून सगळे बाहेर गेले तरी तो बाकावरून उठला नाही. ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नाही. तानाबाईलाही नाही. पण तेव्हापासून ती भिंत त्याची झाली. सहा दिवस दुसऱ्यांसाठी रंगवायचं आणि सातव्या दिवशी तिच्यासमोर जाऊन बसायचं.

चर्चच्या लोकांना त्याच्याबद्दल फारसं प्रेम नव्हतं, हेही सांगायला पाहिजे. सिनेमा म्हणजे पाप, आणि हा सिनेमाचं खातो. एका जुन्या पाळकानं तर सिनेमाविरुद्ध अख्खं प्रवचन आकारामच्या तोंडाकडं बघून केलं होतं. बायका तानाबाईला आडून विचारायच्या, “तुमच्यात काय, इंद्र नि अप्सरा घरीच येत असतील?” आकाराम मान खाली घालायचा. तानाबाई खाली घालायची नाही, पण तिला ते लागायचं.

त्र्याहत्तर साली पावसाळा सरल्यावर मंडळीची सभा बसली. पुढच्या वर्षीच्या नाताळात चर्चला पन्नास वर्षं होणार होती. काय करावं, यावर बोलणं चाललं होतं. नवे पाळक हिवाळे नगरकडचे, वयानं तरुण, स्वभावानं भिडस्त. ते सगळ्यांचं ऐकून घेत होते. तेवढ्यात हंबीरराव समुद्रे उठले. उद्यमनगरात त्यांची फौंड्री होती. भट्टीच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळं ते साधं बोलले तरी हाळी दिल्यासारखं वाटायचं. माणूस दिलदार. मंडळीतल्या कितीतरी पोरांना त्यांनी कामाला लावलं होतं.

“मी सरळच बोलतो,” हंबीरराव म्हणाले. “माझ्या पोरीच्या लग्नाला फौंड्रीवालं दोस्त आलतं. आत येऊन बघितलं, आन् एकजण माझ्या कानात म्हंतोय, हंबीरराव, देव आत हाय का भाईर गेलाय? आता काय सांगू त्याला? गोदामात सुदिक भिंतीवर काय तर लिवल्यालं असतंय! मी गोव्याला गेलतो. तिथली चर्चं बघा की. सोनं नुसतं! बघितल्या बघितल्या हात जुळत्यात. आपुन सोनं लावायचं न्हाय. पर ह्या मागच्या भिंतीवर स्वर्ग तरी काढूया. दूत, यार्देन नदी, मधी प्रभू हात पसरून उभा. आन् पेंटर तर आपल्यातच हाय!”

सगळ्या माना आकारामकडं वळल्या.

आण्णा भंडारे मास्तर ताडकन उठले. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण समोर माणसं बसली की ते वर्गच घ्यायचे. “दहा आज्ञांतली दुसरी आज्ञा काय सांगते? कोरीव मूर्ती नको, प्रतिमा नको! आपल्या वाडवडिलांनी टाक नदीत सोडले ते कशासाठी? पुन्हा भिंतीवर आणून बसवण्यासाठी? ज्याला शोभा बघायची असेल त्यानं राजवाडा बघावा. हा नुसता देखावा आहे, देखावा!”

आकारामला मास्तरांचं म्हणणं पटायला हवं होतं. पण त्यांच्या बोलण्यातली ती छडी त्याला नको वाटली. त्याची भिंत आणि मास्तरांची भिंत एक नव्हती.

आणि मग बायकांच्या बाजूनं आवाज आला. “मास्तर, जरा बसता का?”

हंबीररावांची आई झुंबरबाई. ऐंशीला आलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू, सगळ्यांत पुढच्या सतरंजीवर तिची जागा ठरलेली. “मास्तर, तुमच्या हातात पुस्तक हाय. उघडलं की तुमास्नी गालीलचा मुलूख दिसतोय, नदी दिसतीया, प्रभू दिसतोय. माझ्या हातात काय हाय? मला कुणी शाळंत घातलं न्हाय. तुमी वाचून दावता तेवढं मी आयकते, आन् घरला जास्तवर निम्मं इसरते. माझ्या डोळ्याम्होरं एक चित्र असलं तर तुमच्या आज्ञंचं काय बिघडतंय?”

मास्तर खाली बसले. म्हातारीचं म्हणणं खरं होतं, आणि आकारामची कोरी भिंतही खरी होती, आणि या दोन खऱ्या गोष्टींची गाठ कशी घालायची हे त्याला कळेना. तेवढ्यात कुणीतरी टाळ्या वाजवल्या, हंबीररावांनी येऊन त्याच्या पाठीवर थाप मारली, “काय मर्दा, काढतोस न्हवं?” आणि आकाराम नुसताच हसला. त्या हसण्याचा सगळ्यांनी होकार धरला.

घरी जाताना तानाबाईचे पाय जमिनीला लागत नव्हते.

“बघितलंसा? आजवर नाकं मुरडत हुती. आता त्यांच्याच तोंडानं म्हंत्यात, पेंटर आपल्यातला हाय. नाताळात सगळी मंडळी येतील, बाहेरगावची येतील. कुणी काढलं म्हंत्याल. तानाबाईच्या मालकानं काढलं!”

“व्हय,” आकाराम म्हणाला.

“तोंड का असं? देवाचं काम हाय.”

“न्हाय, भिंतीला ओल हाय का बघाय पायजे,” तो म्हणाला. इतक्या वर्षांत तिचा चेहरा असा खुललेला त्यानं बघितला नव्हता. त्यावर पाणी ओतायचं त्याला धाडस झालं नाही.

त्यानं कामाला उशीर करता येईल तेवढा केला. आधी म्हणाला पाऊस होऊन गेलाय, भिंत वाळू दे. मग म्हणाला कच्चं चित्र काढतो. मग स्टुडिओत काम निघालं. पण उन्हाळा लागल्यावर हंबीररावांनी फौंड्रीतली माणसं पाठवून परांची बांधूनच टाकली, आणि सबबी संपल्या. तेलरंग आणून देतो म्हणाले, तेव्हा मात्र आकाराम ऐकला नाही. स्टुडिओत वापरायचा तसला, सरसात कालवलेला भुकटीचा रंगच त्यानं घेतला. “ओलसर भिंतीला त्योच बरा,” तो म्हणाला. तो रंग पाण्यानं धुऊन निघतो, हे त्यानं सांगितलं नाही. स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही.

आधी आभाळ केलं. मग ढग. ढगांच्या कडेला सोनेरी ऊन, खाली नदी, नदीच्या काठाला झाडं, दोन्ही अंगाला पांढऱ्या झग्यातले दूत. हात सरावाचा, भराभरा होत गेलं. बघणारे तोंडात बोट घालायचे. झुंबरबाई मधल्या वारीसुद्धा येऊन सतरंजीवर बसायची, चांगल्या डोळ्यावर हाताची सावली धरून बघायची आणि म्हणायची, “ह्यी नदी आपल्या पंचगंगंवानीच काढलीस रं. बरं केलंस.”

पण रविवारी आकाराम बाकावर बसला की त्याची तारांबळ उडायची. पाळक प्रार्थना करताहेत आणि याला दिसतंय की डावीकडच्या दुताचा खांदा उतरलाय. गायन चाललंय आणि याचं मन निळ्यावर. तो निळा जड झालाय, जरा खडू मिसळून फिका करायला पाहिजे. डोळे मिटले तर बांबू आणि सुतळी दिसायची. आठवड्यातला एकच दिवस त्याचा स्वतःचा होता, तोही आता स्टुडिओत जमा झाला. प्रभुभोजनाच्या दिवशी भाकरीचा तुकडा हातात घेऊन तो ढगाची कडा बघत राहिला, आणि शेजारच्यानं कोपर मारल्यावर भानावर आला. त्या दिवशी त्याला स्वतःची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी परांचीवरून उतरताना खाली पाळक हिवाळे उभे दिसले. एकटेच होते. आकाराम त्यांच्याजवळ गेला, फडक्याला हात पुसत राहिला आणि म्हणाला, “पाळकसाहेब, मला आता हितं प्रार्थना हुईत न्हाय.”

हिवाळे दचकले. मग आजूबाजूला बघून हळूच म्हणाले, “खरं सांगू, आकारामभाऊ? मलाही प्रवचन होत नाही. मी बोलतो आणि सगळ्यांच्या नजरा माझ्या डोक्यावरून जातात. परवा मी मधला एक उतारा वाचायचाच विसरलो, तर कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.”

दोघं एकमेकांकडं बघून हसले. एकाच घरात चोरी करायला शिरलेले दोन चोर समोरासमोर यावेत तसे.

“मग सांगा की हंबीररावास्नी.”

“मी नवीन माणूस. तुम्हीच सांगा ना.”

“मी तर काढतोय, मी कसा सांगू?”

आणि दोघांपैकी कुणीच सांगितलं नाही.

आता राहिला होता मधला प्रभू. पसरलेले हात झाले, झगा झाला, पाय झाले. चेहरा उरला. आकारामनं खडूनं आकार घेतला आणि रंग भरायला सुरुवात केली, आणि त्याच्या हातानं त्याला दगा दिला. इतकी वर्षं पडद्यांवर जे देव काढले, पोस्टरवर जे चेहरे मोठे करून रंगवले, ते हातात मुरले होते. नाक सरळ निघालं, जिवणी हसरी निघाली, भुवया कमानदार. त्यानं पुसून पुन्हा काढलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दाढी वाढवली, गाल आत घेतले. खाली उतरून लांबून बघितलं तेव्हा बरं वाटलं. म्हणजे वाईट वाटलं नाही, एवढंच. त्यानं ब्रश धुतले आणि हंबीररावांना निरोप पाठवला की झालं.

रविवारी चर्च भरून गेलं. परांची काढली होती, भिंतीवर हंबीररावांनी चादर लावली होती. उपासनेआधी त्यांनी ती स्वतःच्या हातानं ओढली. सगळ्यांच्या तोंडून एकदम ‘अहाहा’ निघालं. तानाबाई पदर सारखा करून ताठ बसली होती. हंबीरराव खाली वाकून आईला म्हणाले, “बघ आये. तुझ्या डोळ्याम्होरं.”

झुंबरबाईनं हात कपाळावर धरला. मान इकडं केली, तिकडं केली. उठली, काठी टेकत अगदी मेजापर्यंत गेली आणि वर बघत राहिली. सगळे थांबले.

“हंबीरा,” ती म्हणाली, “ह्यो कोण?”

“कोण म्हंजे? प्रभू न्हवं का!”

“न्हाय रं. ह्याला मी बघितलंय. जोतिबाच्या जत्रंत तंबूचा सिनेमा आलता. त्यात ह्यो राजा हुता. दोन राण्या हुत्या ह्याला.”

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. आणि मग ज्याला त्याला ते दिसायला लागलं. दाढी काढली की तोच! अख्ख्या महाराष्ट्राला पाठ असलेला नट, स्वर्गाच्या मधोमध, हात पसरून उभा. ज्यांनी सिनेमा कधी बघितलाच नव्हता म्हणायचे, त्यांनीसुद्धा त्याला नावानिशी ओळखलं.

“तरी मी सांगत होतो!” मास्तर गरजले.

“चेहरा बदलू की!” हंबीरराव त्याहून गरजले. “त्यात काय हाय? माझ्या कॅलेंडरवर हाय तसा काढ. गोरा, निळ्या डोळ्याचा.”

“निळे डोळे? तो काय अमेरिकेत जन्मला होता?” पलीकडून कुणीतरी म्हणालं.

“मग काळा काढा, आपल्यासारखा.”

“काळा कशाला? गव्हाळ काढा.”

“दाढी एवढी नको.”

“पण जरा कडक पाहिजे चेहरा. न्याय करायला येणार आहे तो.”

“लेकरांना जवळ घेणारा, आन् कडक व्हय?”

बाया बोलायला लागल्या, पुरुष बोलायला लागले. प्रत्येकाच्या मनात एकेक चेहरा होता आणि दुसऱ्याचा चेहरा कुणालाच चालत नव्हता. आजवर एका छपराखाली ही माणसं कशी बसली, असं वाटावं एवढा गलका झाला. झुंबरबाई मेजाला टेकून उभीच होती. ती म्हणाली, आणि तिचा आवाज बारीक होता तरी हळूहळू सगळे गप्प झाले, “मी डोळं मिटलं की मला येक दिसतोय. तो ह्यो न्हाय. आन् तुमी सांगताय त्यातला बी न्हाय. मला वाटलं, भिंतीवर आला म्हंजी नीट दिसंल. पर ह्याच्याकडं बघितलं तवापासनं माझावाला दिसंनाच झालाय की रं.”

ती घाबरली होती. आकारामनं ते ओळखलं. तीच भीती त्याला भाकरीचा तुकडा हातात घेऊन वाटली होती.

हिवाळे पुढं झाले. त्यांनी विचारलं, “आकारामभाऊ, एवढ्या दिवसांत आपण तुम्हाला एकदाही विचारलं नाही. तुम्हाला काय वाटतं?”

आकाराम उभा राहिला. तानाबाईकडं त्यानं बघितलं नाही. बघितलं असतं तर बोलणं झालं नसतं.

“मला भिंत कोरी पायजे,” तो म्हणाला. “पयल्यापासनं पायजे हुती. मास्तर म्हंत्यात तसं, चित्र म्हंजे पाप म्हणून न्हाय. मी चित्रावरच जगलोय. पर माझी करुणा गेली तवा मला रडू येत नव्हतं. घरात न्हाय, मातीत तिला ठेवली तितं न्हाय. हितं येऊन ह्या भिंतीम्होरं बसलो, तवा आलं. हितं बघण्यासारखं कायच नव्हतं, म्हणून आलं. चित्र असतं तर मी पेंटर हाय, मी चित्र बघत बसलो असतो. तुमी मला मान दिला, आन् मला न्हाय म्हणता आलं न्हाय. एवढंच.”

सतरंजीवर तानाबाईनं पदर तोंडाशी नेला होता.

सगळ्यांची नजर हंबीररावांकडं गेली. काम त्यांच्या मनातलं, माणसं त्यांची, मान त्यांचा. ते लाल झाले होते. आता हा माणूस चर्च सोडून जाणार, असं आकारामला वाटलं.

“आरं मर्दा,” हंबीरराव म्हणाले, आणि छपराची कौलं हादरली, “हे आधी सांगाय तुझ्या तोंडात काय बसलंतं? फौंड्रीची माणसं परांचीला लावली मी! लेका, मी काय वाघ हाय व्हय?”

सगळ्यांत आधी हसले ते पाळक. मग बाकी सगळे. मास्तरसुद्धा मिशीआड हसले. आकाराम खाली बसला.

“पर माझं काय?” झुंबरबाई म्हणाली. “मी परत आडाणीच ऱ्हायची का?”

“न्हाय झुंबराक्का,” आकाराम म्हणाला. हे त्यानं आधी ठरवलं नव्हतं, पण बोलता बोलता त्याला ते लख्ख दिसलं. “भाईरचा व्हरांडा हाय की. एवढा लांबच्या लांब. तितं मी तुमास्नी गोष्टी काढून देतो. येताना बघायच्या, आन् आत येऊन डोळं मिटायचं.”

घरी जाताना तानाबाई पुढं चालत होती. ओढ्यापाशी आल्यावर ती थांबली आणि मागं न बघता म्हणाली, “तुमी मला तरी सांगायचं हुतं, करुणाचं. मला वाटायचं, तुमी रडलाच न्हाय. इतकी वर्षं मला तसंच वाटायचं.” आकाराम तिच्याशेजारी जाऊन उभा राहिला. मग ती म्हणाली, “चला. भाकऱ्या करायच्यात.” पण चालताना ती त्याच्या बरोबरीनं चालली.

भिंत धुवायला आकारामला कुणी मदतीला नको होतं, तरी निम्मी मंडळी आली. रंग पाण्यासरशी ओघळला. हंबीररावांनी खाली सांडलेलं निळं पाणी बघितलं आणि डोळे बारीक करून विचारलं, “तेलरंग नको म्हणालतास ते ह्यासाठी व्हय?” आकारामनं चुन्याची बादली उचलली. दोन हात चुना बसला तेव्हा संध्याकाळचं ऊन भिंतीवर आलं होतं, आणि बघणाऱ्यांतला प्रत्येकजण उगाचच हळू बोलायला लागला होता.

व्हरांड्याला मात्र तेलरंग वापरला. पेरणारा शेतकरी शाहूवाडीच्या भातखाचरात उभा होता. हरवलेलं मेंढरू खांद्यावर घेऊन धनगर घाट उतरत होता. विहिरीवरच्या बाईच्या कमरेला कोल्हापुरी घागर होती, आणि वादळातल्या नावेला पंचगंगेच्या पुराचं गढूळ पाणी लागलं होतं. माणसांचे चेहरे ओळखीचे होते. प्रभू तेवढा सगळीकडं पाठमोरा. कुठं वाकलेला, कुठं हात उचललेला, पण पाठमोरा. चौऱ्याहत्तरच्या नाताळाआधी ते पुरं झालं. झुंबरबाई काठी टेकत एकेका चित्रापुढं थांबली, नावेपाशी येऊन तिनं रंगवलेल्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, “हां. ह्यो बराबर हाय. तोंडाचं माझं मी बघून घेते.”

हंबीररावांना काहीतरी झगमगीत दिल्याशिवाय चैन पडणार नव्हतं. त्यांनी फौंड्रीत एक घंटा ओतवली आणि बाहेर चिंचेला टांगली. मास्तर म्हणाले, आवाज फार मोठा आहे. हंबीरराव म्हणाले, माझा बी हाय. फौंड्रीवाले दोस्त सुवर्णमहोत्सवाला आले, व्हरांड्यात चहाचे कप घेऊन चित्रं बघत उभे राहिले, नावेतल्या नावाड्याला कुणाचं तोंड आहे यावर पैज लावली, आणि मग आत जाऊन, कुणी न सांगता, गप्प बसले.

पुढं स्टुडिओतलं काम कमी होत गेलं. कापडाचे पडदे कुणालाच नको झाले. आकाराम दुकानांच्या पाट्या, दूधसंस्थांचे बोर्ड, निवडणुकीच्या भिंती रंगवायला लागला. एकोणऐंशी साली मंडळीनं त्याला चर्चच्या कारभारातला ‘वडील’ म्हणून निवडलं, तेव्हा तानाबाईनं साऱ्या गल्लीत पेढे वाटले आणि ज्या बायकांनी अप्सरांची चौकशी केली होती त्यांना दोन-दोन दिले. हिवाळे बदलून सोलापूरला गेले, पण सुट्टीला यायचे आणि हट्टानं प्रवचन करायचे.

ऐंशीनंतरच्या असल्याच एका रविवारी ते आले होते. आकारामचे केस पिकले होते. घंटा झाली, पेटीवर गायन झालं, त्यानं आपल्या बेसूर आवाजात ते मोठ्यानं म्हटलं. मग बाकावर टेकून बसला. समोरच्या चुन्यावर खिडकीतलं ऊन सरकत होतं. बाहेर उसाची गाडी चालल्याचा आवाज येत होता, कुठंतरी लेकरू किरकिरत होतं. हिवाळ्यांचं प्रवचन बरंच लांबलं. आकारामला कसलीच घाई नव्हती.